जाहिरातीचा शेजार

दाढीच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या माणसाला कोणी काही दाखवू नये. गळ्याभोवती फडकं असतं, गालाला साबण असतो, उठून जाता येत नाही. पण सलूनवाल्याला हे कोण सांगणार? त्यानं संपादकांचा एक गाल गुळगुळीत करून दिला, वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले आणि खिशातला मोबाइल काढून त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा. सकाळपासून मला दोनदा आलं. काकू काय छान दिसतात हो फोटोत!"

चष्मा आरशापाशी काढून ठेवला होता, म्हणून संपादकांनी डोळे बारीक केले. फोटो त्यांच्या बायकोचा होता. ऑफिसच्या काउंटरमागे, कानावर पेन अडकवून, कोणाकडे तरी बघून हसताना. फोटोच्या वर तिच्या निधनाची बातमी, त्यांनी स्वतः लिहिलेली, चार ओळींची. एवढं सगळं ओळखीचं होतं. नवीन होतं ते त्याच्या आजूबाजूला. अगदी वर बारीक अक्षरात 'प्रायोजित'. खाली नारिंगी पट्टी आणि पट्टीवर 'जुन्या घराला नवं रूप! या आठवड्यात सगळ्या रंगांवर भरघोस सूट'. त्याच्याखाली निळं बटण, 'आत्ताच मागवा'.

"हे काय आहे?"

"तुमचंच आहे की. तुमच्या पेपरच्या पेजवरून आलंय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

संपादकांनी गळ्यातलं फडकं ओढून काढलं, त्यालाच गाल पुसला आणि चष्मा घेऊन उठले.

"अहो, दुसरा गाल राहिला!"

"राहू दे."

रस्त्यावर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच नाव होतं. ठमी. त्यांची मुलगी. पेपरचं पेज तीच बघायची. आज तिची चांगली हजेरी घ्यायची, असं ठरवूनच ते ताडताड निघाले. पण गावात पेपर चालवणाऱ्या माणसाला सरळ चालता येत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवरूनच हाक मारली.

"संपादक, आज काकू दिसल्या मोबाइलवर. बरं वाटलं हो. मला तर त्या गेल्याचं महिनाभर कळलंच नव्हतं, मी लेकीकडे होते ना. रंगवाल्यांनी छान केलं, आठवण ठेवली."

"हो," संपादक म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाईंचे डोळे भरून आले होते. नारिंगी पट्टी दिसूनही त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या उलट विचारत होत्या, "तुमच्या गालाला काय झालं?"

पेपर आठवड्यातून दोनदा निघायचा. फार मोठा नव्हता. पाण्याची वेळ, शाळेचा निकाल, कोणत्या रस्त्याचं काम रखडलंय, कोणाचं लग्न ठरलं आणि कोण गेलं. बातम्या संपादक लिहायचे. छपाईचं मशीन आणि पान लावायचं काम मामांकडे होतं. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आणि दाराजवळचं काउंटर होतं काकूंचं. छोट्या जाहिराती, वाढदिवस, निधन, सगळं त्यांच्या हातून जायचं.

काकूंच्या दोन सवयी होत्या. निधनाची बातमी घेतली की त्या संध्याकाळी त्या घरी फोन करायच्या आणि ती पूर्ण वाचून दाखवायच्या. सावकाश, नावानिशी. मग विचारायच्या, "काही राहिलंय का?" पलीकडचं माणूस कधी पटकन नाही म्हणायचं, कधी रडायचं, कधी म्हणायचं, अहो, धाकट्या मावशीचं नाव राहिलं. काकू फोन धरून बसायच्या.

दुसरी सवय म्हणजे शेजार बघणं. हा शब्द त्यांचाच. मामांनी पानाचं प्रूफ काढलं की बाकीचे चुका शोधायचे, काकू शेजार शोधायच्या. निधनाच्या बातमीला लागून काय आलंय? सेल, सूट, लग्नाचा हॉल, यांतलं काही आलं असेल तर ते हलवायचं. हलवायला जागा नसेल तर जाहिरात त्या अंकातून काढायची आणि तिथे हवामान टाकायचं. मामा कुरकुरायचे. "काकू, पान बंद व्हायची वेळ झाली, आता कुठे हलवू?" काकू म्हणायच्या, "तुमच्या घरचा फोटो असता तर हलवली असती ना?" मामा हलवायचे.

एकदा तर रंगाच्या दुकानाचे मालक रंगशेठ यांच्या वडिलांच्या निधनाची बातमी आणि त्यांच्याच दुकानाची सवलत एकाच पानावर शेजारी शेजारी आली होती. जाहिरात मोठी, आगाऊ ठरलेली. काकूंनी ती काढून टाकली, कोणाला न विचारता. तेव्हा तरुण असलेले रंगशेठ दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन खूप बोलले होते. काकूंनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. साधाच आजार म्हणून दवाखान्यात नेलं होतं, परत आल्याच नाहीत. तेव्हापासून काउंटरमागच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. लोक आले की संपादक आतून उठून यायचे आणि उभ्यानेच मजकूर लिहून घ्यायचे. खुर्चीवर पाठीला घ्यायची उशी तशीच होती, मधे दबलेली.

ठमी मोठ्या शहरात एका जाहिरात कंपनीत होती. मोबाइलवर कोणाला काय दाखवलं म्हणजे तो दुकानात येईल, हे ठरवायचं तिचं काम. आई गेल्यावर ती आली ती परत गेलीच नाही. महिन्याभरानं तिनं सांगितलं की नोकरी सोडली. संपादक ओरडले, "वेड लागलंय का तुला? हा पेपर पुढच्या वर्षी असेल की नाही, मलाच माहीत नाही."

"म्हणूनच तर," ठमी म्हणाली.

मग ती कामाला लागली. बेकरीवाल्याकडे पहाटे जाऊन तिनं भट्टीतून पाव निघतानाचा व्हिडिओ घेतला. चपला शिवणाऱ्याला समोर बसवून विचारलं, इतक्या वर्षांत सर्वांत जुनी चप्पल कोणती आली? तो हसत हसत सांगत गेला आणि ते गावभर फिरलं. ती म्हणायची, "बाबा, लोक दुकानाला थांबत नाहीत. माणसाला थांबतात." संपादकांना हे पटायचं, पण कबूल करायचं नव्हतं. ते म्हणायचे, "आणि बातमीला?" ती म्हणायची, "बातमीला तुम्ही थांबताच की."

तिचा बेत असा. दुकानदारानं पेपरात जाहिरात दिली की पेजवरही ती फिरवायची, दोन्ही मिळून वर्षाचा करार. गावातले छोटे दुकानदार तयार होते, पण त्यांच्यावर पेपर उभा राहिला नसता. रंगशेठ तयार झाले तर राहिला असता. रंगशेठ म्हणाले, आठवडाभर करून दाखवा. दुकानात गिऱ्हाईक वाढलं तर वर्षाची सही करतो. नाही वाढलं तर पेपरातलीही जाहिरात बंद, कारण पेपर आता वाचतं कोण? संपादकांनी मामांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, शेठनी सही केली नाही तर मशीन विकावं लागेल.

सोमवारी तो आठवडा सुरू झाला होता आणि आज गुरुवार होता.

संपादक ऑफिसच्या पायऱ्या चढले ते पहिलं वाक्य तोंडात घेऊनच. दार ढकललं आणि आत हसण्याचा आवाज आला. ते थबकले. चार महिन्यांत हा आवाज ना घरात झाला होता, ना ऑफिसात. ठमी मामांच्या टेबलावर चढून बसली होती, मांडीवर लॅपटॉप होता, आणि मामांना काहीतरी समजावत होती.

"या, या बाबा! बघा तरी, कालपासून कसं..." तिनं मान वर केली, आणि तिचं वाक्य तिथेच तुटलं. "हे काय? एकच गाल? दुसरा हप्त्यानं करणार आहात?"

मामा खो खो हसले. ठमी इतकी हसली की लॅपटॉप सांभाळावा लागला. तिच्या हसण्यात आईसारखा एक उचकीचा आवाज होता. संपादकांनी तोंडातलं वाक्य गिळलं.

"सलूनमधली वीज गेली," ते म्हणाले.

"वस्तऱ्याला वीज लागते?"

"दिसायला लागते."

"बरं ते जाऊ दे, हे बघा." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एक रेघ होती, दोन दिवस जमिनीवर सरपटत होती, कालपासून सरळ वर चढली होती. "हे लोक रंगशेठच्या जाहिरातीवर थांबलेत. माझ्या आधीच्या कंपनीत असा आलेख आला असता तर साहेबांनी केक कापला असता. आणि मी काहीच केलेलं नाही! जाहिराती फिरवणाऱ्या मशीनला नियम सांगून ठेवला होता."

"कसला नियम?" संपादकांनी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"सोपा आहे. गेल्या सहा महिन्यांत आपल्या पेजवर लोकांनी सगळ्यांत जास्त प्रेम कशाला दिलं, ते मशीननं स्वतःच शोधायचं, आणि शेठची पट्टी खाली लावून ते गावभर फिरवायचं. मला वाटतं चप्पलवाला असणार. नाहीतर पाव."

"तू बघितलं नाहीस?"

"नुसते आकडे बघितले. उघडून बघायला वेळ कुठाय, सकाळपासून फोन चालू आहेत." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि पेजवर मी फार मागे जात नाही, बाबा. नवीन टाकते आणि बंद करते. मागे गेलं की ते येतं ना."

ते म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. त्या दिवशी तिनंच ते पेजवर टाकलं होतं. मजकूर संपादकांनी लिहून दिला, फोटो तिनं निवडला, बटण तिनं दाबलं आणि लॅपटॉप मिटून ती आईच्या खोलीत जाऊन झोपली होती. तेव्हापासून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. मशीनला नियम सांगताना, हे एक वगळ, असं सांगायला ते तिच्या डोळ्यांसमोर यायला हवं होतं. आणि तिनं ते डोळ्यांसमोर येऊच दिलं नव्हतं.

संपादकांचा राग सलूनपासून इथपर्यंत येता येता कुठे तरी गळून पडला होता. आता प्रश्न होता, सांगायचं कसं. ते मामांकडे बघू लागले. मामांनी नजर चुकवली, म्हणजे मामांनी पाहिलं होतं.

"ठमे," ते म्हणाले, "जरा खाली उतर. बस इथे."

तेवढ्यात दारात रंगशेठ उभे राहिले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद.

"कुठाय ती हुशार पोरगी?" ते दारातूनच म्हणाले. "अगं, काय डोकं लावलंस! कालपासून दुकानात उभं राहायला जागा नाही. येतात, काकूंच्या गोष्टी सांगतात, डोळे पुसतात, आणि जाताना रंगाचा डबा घेऊन जातात. मी तर म्हटलं, असं धाडस आपल्याला नसतं झालं बुवा. आपल्या घरचंच दुःख कामाला लावायचं म्हणजे छाती लागते."

ठमी अजून हसतच होती. हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले.

"कोणाच्या गोष्टी?"

"काकूंच्या."

"कोणती पोस्ट फिरतेय?" तिनं शेठना विचारलं, मग मामांना, मग बाबांकडे बघितलं. शेठनी आपला मोबाइल काढला आणि अभिमानानं तिच्या हातात दिला.

तिनं तो धरला. कानावर पेन, हसणारी आई, नारिंगी पट्टी. आत्ताच मागवा. तिनं अंगठ्यानं पट्टी झाकून बघितली, लहान मूल पुस्तकातलं न आवडणारं चित्र झाकतं तशी. मग अंगठा काढला. मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"मी केलं हे," ती म्हणाली. "मीच केलं."

"चुकून झालं?" शेठ खरंच गोंधळले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोल्डर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मला वाटलं, तुम्ही ठरवून... बरं, चुकून तर चुकून. पण पोरी, वाईट काय झालं सांग. लोकांनी नावं ठेवली का? एकानं तरी? उलट सगळे म्हणतायत, छान केलं. संपादक, तुम्हीच सांगा. रविवारपर्यंत चालू ठेवू. मी वर्षाचा करार घेऊन आलोय. पेपर, पेज, दोन्ही. पेन द्या, इथेच सही करतो."

फोल्डर टेबलावर आलं. मामांनी ते बघितलं आणि लगेच मशीनकडे तोंड वळवून फडक्यानं काहीतरी पुसायला लागले. ते आधीच स्वच्छ होतं.

संपादक काही बोलायच्या आत ठमी बोलली.

"चालू राहू दे, बाबा."

"काय?"

"रविवारपर्यंत राहू दे. तीनच दिवस. मशीन विकायला नको, मामांना काम राहील. आईनंच पेपर वाचवला असं समजू." तिचा आवाज अगदी सपाट होता, कामाचा. "मला त्याचं काही नाही. मी बघणारच नाही ते."

संपादकांना ती नोकरीतली मुलगी दिसली, साहेबांसमोर आकडे मांडणारी. आणि तिच्याच आड आईच्या खोलीत जाऊन झोपलेली मुलगी. ती हे स्वतःसाठी म्हणत नव्हती. तिला वाटत होतं की बाबांना पेपर हवा आहे, आणि तिनं नोकरी सोडली ती त्यासाठीच. एवढं केल्यावर आता माघार कशी घ्यायची? त्यांनाही पेपर हवा होता. खोटं कशाला बोला? त्या क्षणी त्यांची नजर फोल्डरवर गेली होती आणि मनात आलंही होतं, तीनच तर दिवस.

मग त्यांची नजर काउंटरमागच्या उशीवर गेली.

"शेठ," ते म्हणाले, "तुमचे वडील गेले तेव्हा तुमची जाहिरात ठमीच्या आईनं काढली होती. आठवतं?"

"आठवतं तर."

"का काढली होती, कळलं होतं तुम्हाला?"

संपादकांना वाटलं होतं, शेठ आता मान खाली घालतील. पण शेठनी मान खाली घातली नाही.

"खरं सांगू? नव्हतं कळलं," ते म्हणाले. "आजही नाही कळत. माझे वडील त्याच दुकानात उभे राहून म्हातारे झाले. दुकानाची जाहिरात शेजारी आली असती तर त्यांना आवडलंच असतं. मी परत तुमच्याकडे आलो, कारण गावात दुसरा पेपर नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल, पण असं आहे."

वाईट वाटलं. आणि वर असंही वाटलं, की माणूस खरं बोलतोय. कदाचित त्याच्या वडिलांना आवडलंही असतं. पण हे त्याच्या वडिलांचं नव्हतं.

"तिला नसतं आवडलं," संपादक म्हणाले. "बाकी मला काही सांगता येत नाही. ठमे, हे बंद कसं करतात?"

"बाबा..."

"मला दाखव. मला येत नाही."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. बोटं सवयीनं योग्य जागी गेली. पडद्यावर एक चौकट आली. संपादकांनी ती चष्मा सावरून मोठ्यानं वाचली. "ही तुमची आजवरची सर्वांत यशस्वी जाहिरात आहे. थांबवायची खात्री आहे का?"

"यशस्वी," मामा मशीनपाशी पुटपुटले. "ह्याच्या तर..."

"कुठे दाबू?"

तिनं दाखवलं. त्यांनी दाबलं.

शेठनी फोल्डर उचललं. रागावायचं तर कोणावर, हे त्यांना कळत नव्हतं. "मी विचार करून कळवतो," ते म्हणाले, आणि ते ऐकून खोलीतल्या सगळ्यांना कळलं की विचार झालेला आहे. दारात ते वळले. "आणि उद्याच्या अंकातली माझी चौकट राहू द्या. म्हणजे काढून टाका. आता नकोच." मग जरा थांबून म्हणाले, "दाढी तेवढी पूर्ण करून घ्या, संपादक. लोक काय म्हणतील."

ते गेल्यावर मामांनी फडकं झटकून खिळ्याला अडकवलं आणि चहा सांगायला बाहेर गेले, म्हणजे दोघांना सोडून गेले.

"मी परत जाते," ठमी म्हणाली. "जुन्या साहेबांना फोन केला तर घेतील. तुम्ही नीट चालवत होता. मी आले आणि..."

"मी कुठे नीट चालवत होतो? बुडवत होतो, पण सावकाश."

"विनोद करू नका."

"नाही करत."

ती रडू लागली. आई गेली त्या दिवशीही ती लोकांसमोर अशी रडली नव्हती. संपादकांना जवळ घेणं वगैरे जमायचं नाही, ते खातं काकूंचं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास भरून पुढे केला. मग काय करावं ते कळेना म्हणून ते काउंटरमागे गेले आणि खुर्ची ओढून बसले. उशी पाठीला लागली. ती त्यांच्या पाठीला बरोबर बसत नव्हती, जरा खाली यायची.

त्यांनी आपला मोबाइल काढला, पेपरचं पेज उघडलं आणि खाली खाली जात राहिले. पाव गेला, चप्पल गेली. मग ती आली. आता पट्टी नव्हती, बटण नव्हतं. नुसता फोटो आणि चार ओळी.

"ऐक," ते म्हणाले. "हे कोणी आपल्याला वाचून दाखवलंच नाही."

आणि त्यांनी वाचलं. सावकाश, नावानिशी, तिच्यासारखं. अल्पशा आजारानं निधन झालं. त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्यामागे पती, मुलगी, दोन भाऊ असा परिवार आहे. वाचताना त्यांना कळलं, किती वाईट लिहिलंय. गावातल्या कोणत्याही बाईबद्दल हेच लिहिलं असतं, आणि लिहिलंही होतं, वर्षानुवर्षं.

"काही राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

ठमीनं नाक पुसलं. पाणी प्यायली. काकू असत्या तर फोन धरून बसल्या असत्या, तसे ते बसून राहिले.

"ती इथे काम करायची," शेवटी ठमी म्हणाली. "ते कुठेच नाही. मनमिळाऊ काय? ती मामांशी रोज भांडायची."

"हो की," संपादक म्हणाले. त्यांना एकदम हसू आलं. "ते राहिलं."

मामा चहा घेऊन आले तेव्हा बापलेक एकाच कागदावर वाकून खाडाखोड करत होते. दुरुस्ती लिहायची होती. पेपरात चूक झाली की पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची, ही पद्धत होती. नाव चुकलं, आकडा चुकला, तर दोन ओळी. ही जरा लांबली. संपादकांनी लिहिलेलं ठमी खोडत होती. "'सेवा बजावली' नको, बाबा. 'काम केलं' लिहा." मग "'अविरत' म्हणजे काय? काढा."

शेवटी उरलं ते एवढं. मागील एका अंकात दिलेल्या निधनवार्तेत पुढील मजकूर राहून गेला होता. त्या या वृत्तपत्राच्या काउंटरवर काम करत. गावातल्या बहुतेक निधनवार्ता त्यांनी घरच्यांना वाचून दाखवल्या. कोणाच्या दुःखाशेजारी सूट छापली जाऊ नये, हे त्या बघत. या आठवड्यात आमच्या पेजवर तसं छापलं गेलं, त्यांच्याच बाबतीत. चूक आमची आहे.

"ही शेठच्या चौकटीत बसते," मामा पडद्याकडे बघत म्हणाले. "जागा तेवढीच आहे." ही चौकट उद्या भरली, पण पुढच्या अंकाचं काय, हे कोणी बोललं नाही. मशीनचं काय करायचं, हेही नाही. मामांनी प्रूफ काढलं आणि नेहमीच्या सवयीनं काउंटरकडे नेलं. तिथे संपादक होते. संपादकांनी कागद ठमीकडे सरकवला.

ठमीनं चुका शोधल्या नाहीत. तिनं चौकटीच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"हे काय आहे इथे?"

"सोफ्यांचा सेल," मामा म्हणाले. "दोन अंकांची जाहिरात आहे. आता कुठे हलवू? आधीच एक गेली, ही पण काढलीत तर पानावर राहील काय?"

"मामा."

"बरं बरं. हवामान टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक निघाला. ठमीनं दुरुस्ती पेजवरही टाकली, फोटो न लावता, नुसता मजकूर. नियम तिनं आदल्या दिवशीच पुसून टाकला होता. तरी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पडद्यावर चौकट उगवली. तिनं ती मोठ्यानं वाचली, म्हणजे संपादकांना काउंटरवर ऐकू जाईल अशी.

"ही पोस्ट तुमच्या इतर पोस्टपेक्षा चांगली चालते आहे. आणखी लोकांपर्यंत न्यायची का?"

संपादक काउंटरवर उभे नव्हते, बसले होते. समोर एक म्हातारा गृहस्थ भावाची निधनवार्ता घेऊन आला होता, आणि त्याला शब्द सापडत नव्हते.

"तुला काय वाटतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

ठमी पडद्याकडे बघत राहिली. रंगशेठचा फोन काही आला नव्हता.

"नको," ती म्हणाली, आणि चौकट बंद केली.